चिकाचं दूध

डॉक्टरांनी बाळाचे कान पाहिले आणि मला म्हणाले, "पदर जरा मागं घ्या." माझ्या कानाच्या पाळीला जन्मापासून आडवी चीर आहे. तशीच बाळाच्या पाळीला होती.

हा ओव्हरग्रोथचा आजार, ते म्हणाले. म्हणजे पोटातच बाळ जादा वाढतं. जीभ मोठी, बेंबी फुगलेली. क्वचित दिसतो. घराण्यात असला तर बहुधा आईच्या रक्तातून येतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. हा माझा दुसरा मुलगा, सांगलीच्या दवाखान्यात झालेला. पहिला मेढ्याला, माहेरी झाला. दहा पौंडांचा! पैलवान जन्मला म्हणून आळी लोटली. पलटणीत मालकांना तसंच पत्र गेलं. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

आमच्यात तीन दिवस बाळाला अंगावर पाजत नसत. चीक बाधतो म्हणून पिळून टाकायचा आणि बोळ्यानं कोमट पाणी द्यायचं. दुसऱ्या दिवशी पोर थरथरायला लागलं. आम्ही दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी आचके देत गेलं.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हायपोग्लायसेमिया. म्हणजे रक्तातली साखर उतरणं. अशा बाळांची फार लवकर उतरते. त्याला पहिल्या तासापासून दूध हवं होतं.

दुसऱ्याला सलाईनमधून साखर दिली. नऊ दिवस मी व्हरांड्यात बसून होते.

आई डबा घेऊन आली, तेव्हा तिला विचारलं, आपल्यात आधी कुणाचं असं झालं होतं का? ती खाली बघून म्हणाली, "तुज्या आदीचं दोन. असंच दांडगं हुतं. सांगितलं असतं तर तुजं लगीन झालं असतं व्हय?"

लय राग आला. म्हैस व्याली की तिचा चीक आम्ही आधी रेडकाला पाजतो, आणि आमची पोरं उपाशी ठेवली. पण तिचीही दोन गेलेली. राग धरायचा कुणावर?

धाकटी बहीण शकू तेव्हा विट्याला, सासरी, पोटुशी होती. आई नको नको म्हणत असताना मी तिला सगळं सांगितलं. बाळंतपणाला ती मेढ्याला आली, मीही गेले. मुलगा झाला, दांडगाच. चार शेजारणी चीक पिळायला पुढं सरल्या.

आईनं त्यांना थांबवलं. "पाज त्येला," ती शकूला म्हणाली. "माजं दोन आन् हिचं एक आसंच उपाशी गेलं."

एवढी वर्षं लपवलेलं चारचौघींत बोलली. लगेच जीपनं आम्ही बाळाला साताऱ्याला दवाखान्यात नेलं. ते जगलं, माझंही जगलं. तुमच्यात असं कुणाचं झालं असेल तर लेकीला सांगा. मोडलं लग्न तर मोडू दे.