पापडाला सहा शेजारी

कंपनीने परीक्षा म्हणून एक कोडं पाठवलं होतं आणि उत्तर दुपारी दोनच्या आत द्यायचं होतं. जमलं तर घरबसल्या नोकरी. नाही जमलं तर बोरी अरबच्या या घरात मी आपली पुन्हा नुसती सून. लग्नाआधी यवतमाळात मी प्रोग्रामिंगचंच काम करत होते. लग्नानंतर नोकरीचं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घरात काय कमी हाये?" झालं. चार वर्षं गेली.

कोडं दिसायला अगदी गरीब. सहा बाजूंच्या फरश्यांची जमीन. फरशी एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने काळी. रोज प्रत्येक फरशीने आपले सहा शेजारी बघायचे. काळीच्या शेजारी एकही काळी नाही, किंवा दोनाहून जास्त आहेत, तर ती उलटून पांढरी. पांढरीच्या शेजारी बरोबर दोन काळ्या, तर ती काळी. इतक्या दिवसांनी काळ्या किती? छोट्या नमुन्याचं उत्तर त्यांनीच दिलं होतं, आणि माझा प्रोग्राम दर वेळी भलतंच सांगत होता. बारा वाजले तसं माझं डोकं फिरलं. मेलं ते कोडं, म्हटलं, आणि गच्चीवर गेले.

गच्चीवर सासूबाईंचे तांदळाचे पापड वाळत होते. जुन्या लुगड्यावर, दोन पापडांच्या खाचीत तिसरा, ही त्यांची पद्धत. कमी जागेत जास्त मावतात. मी मोजलं. मधल्या प्रत्येक पापडाला बरोबर सहा शेजारी! वरचं अंग वाळून पांढरं, खालचं अजून ओलं. ओलं म्हणजे काळं असं ठरवून मी फतकल मारली, नमुन्यात काळ्या होत्या तिथले पापड आधी उलटे केले, आणि मग माझा प्रोग्राम करायचा तसंच एकेक पापड मोजत, उलटवत सुटले.

"काय करून राह्यली वं?" सासूबाई जिन्यात उभ्या. "कच्चे हायेत ते!"

खोटं काही सुचेना, म्हणून सगळं खरं सांगितलं. आता पापडांसोबत मलाही वाळत घालणार, असं वाटलं. पण त्या पदर खोचून शेजारी बसल्या. नियम दोनदा विचारला. मग मी आणखी चार पापड उलटवले आणि त्यांनी माझा हात धरला.

"हा पापड तू आत्ता उलटवला ना? मंग बाजूच्याचं मोजतानी याले आधीचा धरला, का उलटवल्यावरचा?"

"उलटवल्यावरचा."

"तिथंच तं चुकलं. सगळे एकाच दिवशी उलटतात म्हनतं ना? आधी सगळ्यायवर नजर फिरव. मंग हात लाव."

अगं बाई! मी धावत खाली गेले. आधी कोण कोण उलटणार त्याची फक्त यादी करायची, आणि यादी पुरी झाली की मग उलटवायचं. प्रोग्राममध्ये तेवढंच बदललं. नमुन्याचं उत्तर जुळलं. पावणेदोनला मी माझं उत्तर पाठवलं.

चौथ्या दिवशी होकार आला. सांगायला स्वयंपाकघरात धावले, तर सासूबाई नेमके मी बिघडवलेलेच पापड तळत होत्या. एकही सरळ नव्हता.

"इतकं येते तुले," त्या म्हणाल्या, "तं चार वर्षं काहून बसून राह्यली?"

माझा भडका उडाला. "तुम्हीच नको म्हणाला होतात, आई!"

"म्हटलं असन." त्यांनी झारा कढईत फिरवला. "काल वला होता तो पापड आज वाळते. म्हनून मले रोज जाऊन पाहा लागते. तू एकडाव विचारलं अन् बसली."

राग आला, चांगलाच आला. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दुसऱ्यांदा कधी विचारलं होतं ते काही केल्या आठवेना. त्यांनी एक वाकडा पापड माझ्या हातावर ठेवला.

"खा. अन् कामाले कोनती खोली घेतं ते सांग. मले आवरा लागन."