अकरा कैप्टन

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात गेली वीस वर्षं नायकाची कामं मी करतो. केस गेले, पोट आलं, तरी नायक मीच, कारण नाटक मीच निवडतो. पाठांतर मात्र मला कधी जमलं नाही. ते खातं माझ्या मित्राचं. मानक नगरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारा हा हळू आवाजाचा माणूस विंगेत बसून एकेक वाक्य माझ्या कानात सोडायचा आणि टाळ्या मी घ्यायचो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. इस्पितळाच्या फाटकाबाहेर, रिक्षात, खाट मिळायची वाट बघत. तपासणीचा रिपोर्ट आलाच नाही, म्हणून दाखल्यावर कारण लिहिलं, ‘हृदयक्रिया बंद’. खरंच आहे. हृदय चालू ठेवून मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुढे गणपतीत मंडळाने ठरवलं, त्या लाटेत गेलेल्या आपल्या माणसांच्या नावांचा फलक सभागृहात लावायचा. आमचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले. कागद दाखवल्याशिवाय त्यांना सूर्य उगवलेलाही पटत नाही. त्यांनी सगळ्यांचे दाखले मागवले. दहा नावं पास झाली. माझा मित्र नापास.

"अहो, हार्टवाल्यांना घेतलं तर उद्या सगळेच येतील," ते म्हणाले.

"कुठून येतील? वरून?" मी विचारलं. कोणी हसलं नाही.

वहिनींना, म्हणजे मित्राच्या बायकोला, हे सांगायला मीच गेलो. त्या दारातच म्हणाल्या, "भाऊजी, मला कोणाकडून काही नको. नाव तेवढं लावा. लोक विचारतात, अच्छा, इन्हें क्या हुआ था? मी रोज नवं उत्तर देते."

मी म्हटलं, लावतो. नट आहे मी. शब्द द्यायला मला काय लागतं!

फलक करून आणायचं काम माझ्याकडेच होतं. चारबागजवळच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात मी सेक्रेटरींची यादी काढली आणि तिथेच उभ्या उभ्या खाली अकरावं नाव पेनाने लिहिलं. प्रत्येक नावाआधी आपल्या पद्धतीप्रमाणे ‘कै.’ होतं, तसं मीही घातलं. प्रूफ बघायला थांबलो नाही. चोर कधी थांबतो?

अनावरणाच्या दिवशी पडदा मी ओढला, अर्थात जरा उगाच थांबून, सगळ्यांच्या माना वर झाल्यावर. मागून एक मुलगी म्हणाली, "अरे, ये सब आर्मी में थे क्या?"

अकराच्या अकरा नावांआधी ठळक अक्षरांत ‘कैप्टन’. पोस्टातला कारकून कैप्टन. बालवाडी चालवणाऱ्या, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणाऱ्या आजीसुद्धा कैप्टन.

सेक्रेटरींनी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो खूश होता. "भाईसाहब, आपने छोटे में ‘कै.’ लिखा था, हमने पूरा कर दिया। शहीदों के नाम हैं, आधे-अधूरे अच्छे नहीं लगते।" त्याच्या ओळखीचे मराठी सगळे छावणीतले, बिचाऱ्याला कैलासवासी कुठून ठाऊक असणार!

मला आधी हसू फुटलं. मग वाटलं, सीमेवर गेले असते तर बिगूल वाजला असता, कोणीतरी सॅल्यूट ठोकला असता. यांच्या वाट्याला आली रांग आणि बंद फाटक. त्यांना कोणी मान दिला असेल तर एका फ्लेक्सवाल्याने, तोही चुकून.

सेक्रेटरींनी पांढरी चिकटपट्टी आणि कात्री मागवली. खुर्चीवर चढून एकेक ‘प्टन’ झाकत ते यादीत खाली सरकले. दहा झाले. अकराव्यापाशी हात थांबला.

"हे नाव कोणी घातलं?"

मी छताकडे बघितलं. छत फार छान आहे आमचं.

त्यांनी पट्टी ओढली. ‘प्टन’पुरती नाही, अख्खं नाव झाकेल एवढी लांब.

वहिनी उठून पुढे आल्या. "साहेब, एकदा झाकूनच दिलाय तो मला. प्लास्टिकमध्ये. तोंडही दिसत नव्हतं. गुंडाळताना त्याला करोना होता, लिहिताना नव्हता. आता पुन्हा झाकायचा असेल तर ती पट्टी इकडे द्या, मी झाकते."

त्यांनी हात पुढे केला. सेक्रेटरींनी पट्टीचा गोळा करून खिशात घातला आणि खुर्चीवरून उतरले.

फलक अजून आहे. दहा जण ‘कै.’ आणि माझा मित्र एकटा कैप्टन. बदली होऊन आलेले नवे लोक विचारतात, हे कोणत्या युनिटमध्ये होते? मी सांगतो, फाटकाबाहेरच्या.

पुढच्या वर्षीच्या नाटकात, दुसऱ्या अंकात, मी सवयीप्रमाणे अडकलो. सवयीनेच विंगेकडे कान केला आणि मग आठवलं. तेवढ्यात तिथून वाक्य आलं, इतकं खणखणीत की पहिल्या तीन रांगांनी ते माझ्याआधी ऐकलं. वहिनी संहिता मांडीवर घेऊन त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. वाक्य चुकीचं होतं, पुढच्या पानावरचं.

मी तेच म्हटलं.