गणपतदादाला आज सांगितलं

मंडळी, नातीने दिलेली कादंबरी आज दुपारी वाचून संपली. कॉलेजातले दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि शेवटी घरचेही त्यांना जवळ करतात. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसता थकवा आला.

साठच्या दशकात आमच्या मिठबावात माझा थोरला भाऊ वसंत आणि शेजारचा गणपतदादा असेच होते, दोघेही विशीतले. होडीच्या आडोशाला हातात हात घेऊन बसलेले मला दिसले आणि मी बाबांना जाऊन सांगितलं. मी बारा वर्षांची होते. आठवडाभरात वसंताला मुंबईला बोटीवरच्या नोकरीला धाडलं. तो गावी परत आलाच नाही. गेल्या वर्षी तिकडेच वारला.

आज संध्याकाळी गणपतदादाकडे गेले आणि म्हटलं, "तेव्हा बाबांका मियाच सांगलंय."

जाळं शिवता शिवता तो म्हणाला, "माका ठावक आसा गो. वसंतान जातानाच सांगल्यान, ती ल्हान आसा, तिच्यावर राग धरू नको."

आणि मी साठ वर्षं त्याचं दार चुकवत होते. असं सांगायचं राहिलेलं तुमच्याकडेही काही आहे का?