ठेवायला दिलेला डबा

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर वैतागलेली होते. सकाळीच त्याचा मेसेज येऊन पडला होता, ‘उज्जू, संध्याकाळी डबा आणू का गं?’ तो मी वाचला आणि उत्तर न देता फोन उलटा ठेवला. म्हटलं, ह्या माणसाला दुसरं काही सुचत नाही का! दुपारी अडीचच्या सुमारास त्याच्या बायकोचा, सायलीचा फोन आला. मला वाटलं, आता हिच्याकडून वशिला लावतोय. ‘हां बोल गं, आण म्हणावं त्याला,’ असं मी हसत म्हणाले. मग तिने सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, टेबलावरच... हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संक्रांत होऊन जेमतेम आठवडा झाला होता, त्याने दिलेला तिळगूळ अजून माझ्या पर्समध्ये होता.

हेमंत माझा वीस वर्षांचा मित्र. अंधेरीच्या एमआयडीसीत एका ऑफिसात आम्ही शेजारी बसून मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढायचो. तो मुलुंडचा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. मी घाटकोपरची, आमचं गाव तिकडे जालन्याकडे. मी दहा वर्षांपूर्वी विक्रोळीत दुसरी नोकरी धरली, तो तिथेच राहिला. पण आम्हाला बांधून ठेवलं ते ऑफिसने नाही, खेळाने. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणाचं काय होणार ते फाशांवर ठरतं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट मात्र वर्षानुवर्षं चालते. त्यासाठी जाडजूड पुस्तकं असतात, नियमांची, नकाशांची, भुताखेतांची, आणि ती आता बहुतेक ऑनलाइनच विकत मिळतात. पुस्तकं इंग्रजीत, पण हेमंत ती सांगायचा आपल्या भाषेत. त्याच्या गोष्टीतला कुठल्याही देशातला खानावळवाला शेवटी मालवणीतच भांडायचा. मी एक चिडकी वैदीण झाले होते. ‘तुला वेगळा अभिनय करायला नको,’ असं तो म्हणायचा, मेला. त्याची मुलगी जुई नऊ वर्षांची असल्यापासून आमच्यात बसायला लागली. ती चोर होती, कुलपं उघडणारी. आता ती पंधरा वर्षांची आहे.

तर ही विकत घेतलेली पुस्तकं. आपण पैसे मोजतो, पुस्तक आपल्या नावावर दिसतं, फोनवर उघडतं, झालं की! पण हेमंतचं तसं नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो बसायचा, घेतलेलं प्रत्येक पुस्तक डाउनलोड करायचा, हार्ड डिस्कवर टाकायचा, आणि एवढ्यावर न थांबता एकेक फाइल उघडून त्यातलं कुठलंतरी एक पान मोठ्याने वाचायचा. ‘उघडून वाचल्याशिवाय उतरवलं म्हणू नये,’ हे त्याचं म्हणणं. ह्या वेडाला कारण होतं. फार पूर्वी त्याने एका ऑनलाइन दुकानातून त्याचं पहिलं पुस्तक घेतलं होतं, त्यावर वर्षभर टिपणं केली होती. एका सकाळी बघतो तर दुकान बंद. पुस्तक नाही, टिपणं नाही, विचारायला माणूस नाही. तो दिवस मला आठवतो, ऑफिसात जेवला नव्हता तो. ‘पुस्तक माझा आसा गो, पण कपाट त्येंचा,’ मला म्हणाला होता, ‘त्येंनी उद्या कुलूप लावल्यानी तर मी खंय जातलंय?’ मी तेव्हा हसले होते. एका खेळाच्या पुस्तकासाठी इतकं काय, असं वाटलं होतं.

मग त्याने डब्याची पद्धत काढली. एक प्रत घरात, एक घराबाहेर. घर जळलं, पाणी शिरलं, चोरी झाली तरी एक वाचली पाहिजे. घराबाहेरचं घर म्हणजे माझं, कारण अंधेरीहून मेट्रोने येऊन घाटकोपरलाच तो गाडी बदलायचा. सायलीच्या स्वयंपाकघरातले दोन घट्ट झाकणांचे डबे त्याने पळवले, एक निळ्या झाकणाचा, एक लाल. प्रत्येकात एक हार्ड डिस्क, जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेली, आणि मुंबईची दमट हवा लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या पांढऱ्या पुड्या. गुढीपाडव्याला एक डबा यायचा, दसऱ्याला तो परत जाऊन दुसरा यायचा. दसऱ्याला त्या डब्यावर झेंडूचं फूलसुद्धा असायचं. एकदा मी म्हटलं, ‘अरे, ह्यातली दोन-चार मला दे ना वाचायला.’ तर म्हणाला, ‘नाही. तुझी तू विकत घे. मी ठेवायला देतोय, वाचायला नाही.’ असला तत्त्वाचा माणूस! मीही मग हट्टाने कधी झाकण उघडलं नाही.

गेल्या दसऱ्याचं मला लिहायलाच हवं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून गडबड असते. विहारातून वंदना करून आम्ही नुकतेच घरी आलो होतो, पांढऱ्या साड्या अजून अंगावर, जालन्याहून काका-काकू आलेले, आईची खीर गॅसवर. आणि दारात हेमंत उभा, हातात लाल झाकणाचा डबा, वर झेंडू. काकांनी कौतुकाने विचारलं, ‘काय आणलंय पाहुण्यांनी?’ हेमंतने सरळ सांगितलं, ‘खेळाची पुस्तकं आहेत काका, जपून ठेवायला.’ चाळिशी ओलांडलेली माणसं, आणि खेळ! काकू माझ्याकडे बघून हसली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. ‘माझं घर म्हणजे गोडाऊन वाटलं का रे तुला?’ मी म्हणाले, सगळ्यांसमोर. ‘अख्खं जग ऑनलाइन ठेवतं, एक तूच शहाणा! घेऊन जा तो.’ तो आईने दिलेली खीर उभ्याउभ्याच प्यायला, ‘पाडव्याला बघू’ म्हणाला, आणि लाल डबा घेऊन गेला. पाडव्यापासून पडलेला जुना निळा डबा माझ्याच कपाटात राहिला. मी माफी मागितली नाही. पुढच्या रविवारी खेळायला गेले तर तो नेहमीसारखाच वागला, मला वाटलं, विसरला.

तो विसरला नव्हता. डबा घराबाहेर गेलेला नाही हे त्याला टोचत असणार, म्हणून तर जानेवारीत पाडव्याची वाट न बघता पुन्हा विचारलं. त्यातही कारण होतं. पावसाळ्यात त्याने एक नवं पुस्तक घेतलं होतं, तळ्याच्या तळाशी बुडालेल्या किल्ल्याचं, आणि तेव्हापासून आम्ही त्यातच होतो. पुस्तकात असतं तसं हेमंत कधीच ठेवत नसे. डाउनलोड केलेल्या प्रतीत तो पानोपानी पिवळ्या चौकटी टाकून स्वतःचं लिहायचा, आणि आम्हाला भेटायची ती त्याने लिहिलेली गोष्ट. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी पोचलो. जुईने कडीला हात घातला, फासा टाकला, कुलूप उघडलं. ती अशी पुढे सरसावून बसली होती! आणि हेमंतने टॅब्लेट मिटला. ‘पुढच्या रविवारी,’ तो म्हणाला. जुई ओरडली, ‘बाबा, यार! असं नाही ना करायचं!’ तो हसत चहा ठेवायला गेला. तो रविवार आलाच नाही.

हे सगळं सांगतेय कारण दहाव्या-बाराव्या दिवशी जुईने मला एकच प्रश्न विचारला, ‘आत्या, दारामागे काय होतं गं?’ मी म्हटलं, टॅब्लेटमध्ये असेल, बघू. पण टॅब्लेट नव्हता. त्या दुपारी ऑफिसातल्या मुलांनी हेमंतला रिक्षात घातलं, ओळखपत्र वगैरे लागेल म्हणून कुणीतरी त्याची बॅगही घेतली, आणि धावपळीत ती रिक्षातच राहिली. रिक्षाचा नंबर कोण बघणार तेव्हा? बॅगेत टॅब्लेट होता, आणि घरातली एकुलती प्रत असलेला लाल झाकणाचा डबा. संध्याकाळी मला द्यायला घेतलेला. मग म्हटलं, निदान दुकानात त्याच्या नावावरची पुस्तकं तरी उघडू. तर तिथे त्याच्या मोबाइलवर आकडा येतो, तो टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मोबाइल नंबर बंद. तो बंद करायला लावला होता मीच! लोकांचे फोन यायचे, ‘हेमंत आहे का?’ आणि सायली दर वेळी नव्याने रडायची. मी कामाची बाई, तिला हाताला धरून नेलं आणि नंबर बंद करून आणला. चांगल्यासाठीच केलं होतं. दुकानाला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की खातं ज्याचं त्याचं, दुसऱ्याच्या नावावर होत नाही. जुईने ते उत्तर वाचलं आणि म्हणाली, ‘बाबा म्हणायचे ना, कपाट त्यांचं.’

राहिला निळा डबा. एका शनिवारी जुई आणि सायली माझ्याकडे आल्या, आणि ज्याचं झाकण मी हट्टाने उघडलं नव्हतं तो डबा आम्ही जेवणाच्या टेबलावर उघडला. बनियनच्या कापडाला अजून त्यांच्या घरच्या साबणाचा वास होता. सायली ते कापड घेऊन बाजूला जाऊन बसली. डिस्क चालू झाली. सगळी पुस्तकं होती, साठाच्या वर, पिवळ्या चौकटींसकट. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. मग आम्हाला ‘तपासणी’ नावाची एक फाइल दिसली. पुस्तकाचं नाव, उघडलेलं पान, आणि पुढे एक शब्द. ‘पान ३१. ठीक.’ ‘पान ८. नकाशा फाटका दिसतो, पुन्हा उतरवला. ठीक.’ ‘पान ११२. जुईने वाचून दाखवलं. ठीक.’ असं पानभर. आणि शेवटची ओळ गेल्या पाडव्याची, ‘डबा आज उज्जूकडे. आता निर्धास्त.’

तळ्याचा किल्ला त्यात नव्हता, असणारच नव्हता. तो आला पावसाळ्यात, हा डबा पाडव्याचा. जुई खालीवर शोधत राहिली. ‘पण दसऱ्याला तर बदलतात ना डबे?’ तिने विचारलं. ‘बाबा म्हणाले होते, तू घरी नव्हतीस म्हणून राहिला.’ म्हणजे घरी जाऊन त्याने माझ्यावर पांघरूण घातलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आईही बोलली नसती. पण समोर ते ‘निर्धास्त’ दिसत होतं. मी म्हणाले, ‘मी घरी होते, जुई. तो आला होता. मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि डबा परत पाठवला.’ ती रडली नाही, ओरडली नाही... ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिने डिस्क काढली, कापडात गुंडाळली, झाकण लावलं. ‘हा मी घेऊन जाते,’ एवढंच म्हणाली. सायलीने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जुईने मागे वळून पाहिलं नाही.

नंतर महिनाभर काही नाही. मी दोनदा मेसेज केला, तिने वाचून तसाच ठेवला. मला तक्रार करायला तोंड नव्हतं. सायलीकडून कळलं की किल्ल्याचं पुस्तक जुईने पुन्हा विकत घ्यायला लावलं. त्यात दारामागे खजिन्याची खोली आहे म्हणे, छापील, साधी. ‘बाबांनी हे ठेवलंच नसतं,’ असं म्हणून तिने ते मिटलं. माझ्या कपाटात डब्याच्या जागी एक चौकोन रिकामा राहिला होता. आई तिथे चादरी ठेवायला निघाली तर मी तिच्यावर डाफरले, आणि मग बसून खूप रडले.

परवा पाडव्याला अकराच्या सुमारास बेल वाजली. आईने दार उघडलं. जुई होती, एकटी, एका हातात सायलीने दिलेलं श्रीखंड आणि दुसऱ्यात डबा. हिरव्या झाकणाचा, नवा. तिने चपला काढल्या, आईच्या पाया पडली, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आत्या, डबा आणलाय. निळा आता आमच्या घरी राहील.’ मी विचारलं, ‘सगळं उघडून बघितलंस?’ ‘एकेक पान वाचलं. मोठ्याने. आईने ऐकलं.’ ‘ठीक?’ ‘ठीक.’ माझा हात आपोआप झाकणाकडे गेला. तिने पटकन त्यावर स्वतःचा तळहात ठेवला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

‘दारामागचं मी लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘पुढच्या रविवारी तुला कळेल. तोपर्यंत हा ठेवायला देतेय, वाचायला नाही.’

मी बरं म्हटलं, आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.