नावेचं बूड

आमच्या सासरी दोन नावा होत्या आणि त्या दोघींवरून घरात रोज भांडण.

घर गंगेच्या काठाला, घनसावंगीकडच्या बाजूला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पलीकडे बीडचा मुलूख. माणसं, शेळ्या, कापसाची बोचकी इकडून तिकडं नेणं हे सासऱ्यांचं काम. त्यांची नाव रुंद, सपाट बुडाची. शेळी चढो की म्हातारी चढो, जागची हलायची नाही. सासरे मागच्या टोकाला उभं राहून वल्हं मारायचे. नावाड्यानं उभंच राहायचं, बसतं ते गिऱ्हाईक, हा त्यांचा कायदा. ते तसे ताठ उभे असले की मला आवडायचे, हेही सांगून टाकते.

बहात्तरच्या दुष्काळात नाव चालवण्याइतकं पाणी उरलं नाही, तेव्हा मालक कोकणात गेले. मालक म्हणजे माझे यजमान. तिथं खाडीवर होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली राबले आणि परत आले ते समुद्राची होडी डोक्यात घेऊनच. दोन उन्हाळे खपून त्यांनी ती बांधली. लांब, अरुंद, बुडाशी निमुळती. गावाला फुकटचा तमाशा झाला. पाय ठेवला की डुगडुगायची. बाया "अगं माय" करत माघारी पळायच्या. एकानं तर विचारलं, "ही नाव हाय का पाळणा?"

मी दोन्ही चालवल्या आहेत, त्यामुळे कोणाच्या बापाला न भिता सांगते. सपाट नाव जागच्या जागी वळायची, पण वारा सुटला की आडवी वाहत जायची आणि तिला सरळ ठेवता ठेवता हात भरून यायचे. निमुळती वळायला महाहट्टी, पण एकदा तोंड धरलं की सरळ जायची. आणि तिची डुगडुग नुसती घाबरवायची, बुडवायची नाही. लाट बगलेला बसली की ती कलायची, कुशीवर जरा रेलायची, पुन्हा उठायची. सपाट नाव आधी कलायचीच नाही आणि कलली की थेट उलटी. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. निमुळत्या नावेची अट एकच होती. तळाशी बूड टेकवून बसायचं. उभे राहिलात की गेलात.

आणि इथंच घोडं पेंड खायचं.

"आबा, एकदा बसून तर बघा," मालक म्हणायचे.

"बूड टेकवून नाव हाकू? मंग बांगड्या बी आण," सासरे म्हणायचे.

मालकांना दुसरं काही नको होतं. बापानं एकदा त्या नावेत बसावं, एवढंच. भरलं ताट सारून मालक उठून जायचे, तेव्हा मला सासऱ्यांचा भयंकर राग यायचा.

एका भादव्यात गंगा फुगली. पलीकडे मयतीला गेलेली आमच्या गावची माणसं अडकली आणि हाका मारू लागली. सासरे निघाले. मालकांनी त्यांच्या नावेची दोरी धरली. "आबा, आज पाणी बराबर न्हाई. माझी नाव घ्या. वल्हं मी मारतो, तुमी निस्तं बसा."

"सोड दोरी. तुह्या जन्माआधीपासून पाहून राह्यलो मी ही गंगा."

गेले, उभेच. मध्यावर एक वाहतं झाड बगलेला धडकलं. नाव एका कडेवर उभी राहिली आणि उलटली. ओरडायलाही सवड मिळाली नाही. मालकांनी तशीच आपली नाव पाण्यात लोटली. लाटा तिला कलवत होत्या, मी काठावर बोंब मारत होते आणि ती दर वेळी सरळ होत होती. पण मालक उलट्या नावेपाशी पोचले तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

पलीकडची माणसं पूर ओसरल्यावर धडधाकट परतली. तुम्ही जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

सासरे बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खालच्या अंगाला बाभळीत अडकलेले सापडले. गाडीवाट चिखलात गेली होती, म्हणून माणसांनी त्यांना उचलून मालकांच्या नावेत ठेवलं, तळाशी, आडवं. मी पुढं बसले. काठाकाठानं मालक वल्हं मारत राहिले. गावाची झाडं दिसू लागली तेव्हा ते बापाकडे बघून म्हणाले, "आबा, आता सांगा. डुगडुगून राह्यली का?"

सगळं वजन तळाशी होतं. नाव बिलकुल हलत नव्हती.