फणसाची फळी आणि अनुभवाचा रकाना

अर्जदार : अस्मादिक, रत्नागिरीतील एका कचेरीच्या फाटकाबाहेर तीस वर्षे अर्ज लिहीत असलेले.
अर्ज कोणास : अर्जदाराची एकुलती कन्या, हल्ली मुक्काम पुणे.
तक्रार कोणाविरुद्ध : अर्जदार स्वतः.
घटनेचा काळ : कन्येची दहावी ते बारावीची तीन वर्षे.
साक्षीदार : एक, मिरकरवाड्यातील बर्फ कारखान्याचे मुकादम. दोन, फणसाची फळी, लांबी सहा फूट.

नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

माझे शिक्षण आठवीपर्यंत. तथापि माझ्या हातचा अर्ज टेबलावर गेला की अक्षरावरून शिपाईसुद्धा तो ओळखतो, हे येथे नमूद करणे भाग आहे. कारण पुढील सर्व प्रकार त्याच अभिमानातून घडला.

कन्या चाकांच्या बुटांवर हॉकी खेळत असे. तिला शिकवणारे सर लोटे येथील एका कारखान्यात पाळीवर होते आणि आठवड्याच्या सुटीला रत्नागिरीस घरी येत. तरुणपणी ते लडाखमध्ये बर्फावर खेळून आले होते. चाकांवर तयार झालेल्या मुलामुलींना तेथील शिबिरात घेतात, असे त्यांनी सांगितले त्या दिवसापासून कन्येला बर्फावाचून दुसरे काही दिसेना. आमच्याकडे बर्फ फक्त मिरकरवाड्याच्या बंदरात, तोही मासळीखाली.

सर म्हणत, "बर्फ नाही म्हणून रडायचं नाही. हॉकी आधी मांड्यांत तयार होते, मग बर्फावर."

त्याप्रमाणे ती जांभ्याचा चिरा छातीशी धरून उठबशा काढी. परसातला गुडघाभर उंचीचा दगडी गडगा ती एका पायाने आडवा ओलांडी, मग दुसऱ्या पायाने परत येई. उतरताना गुडघा आत वळला, तर सर ती उडी मोजतच नसत. रविवारी सकाळी ती बर्फ कारखान्यात जाई. मुकादम लादीचे तुकडे करून, गोणपाटात गुंडाळून तिच्या दोन्ही हातांत देत. ते घेऊन ताठ मानेने धक्क्यापर्यंत चालत जायचे आणि बर्फ होडीवर पोचवायचा, असा व्यायाम असे.

"काय गो बाय, तू लादी नेतेस की लादी तुला नेते?" मुकादम ओरडत.

"काका, वितळायच्या आत पोचवते. तुमच्या माणसांना जमतं का बघा!"

होडीवरचे हसत. मी छत्री धरून मागे चालत असे. माझ्या चालण्याचा उपयोग काय, हे मला कोणी विचारले नाही.

सरांनी पुढे एक गुळगुळीत फळी मागितली. बर्फावर पायाची ढकल मागे द्यायची नसते, बाजूला द्यायची असते. ती सवय मोजे घालून फळीवर आडवे घसरून लागते, असे त्यांचे म्हणणे. सुताराकडची कोणतीही फळी सरांना पसंत पडेना. एके दिवशी ते माझ्या बैठकीपाशी आले, अर्जदारांच्या बाकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही द्या."

ती फळी फणसाची. वीस वर्षे माणसे तिच्यावर बसून, पुढे सरकून, मागे रेलून वाट पाहत आली होती. तेवढी घोटाई कोणत्या सुताराने केली असती? मी खिळे काढून लाकडी खुंट्या बसवल्या. रोज संध्याकाळी फळी खांद्यावर घेऊन घरी नेई आणि सकाळी कचेरीबाहेर आणून पुन्हा बसवी. घरी तिच्यावर कॅरमची पावडर टाकली जाई. कन्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरे, आणि तिची आई भाजी निवडता निवडता फेऱ्या मोजी. सकाळी कितीही पुसली तरी पावडर राहायचीच. एक आजोबा उठून मागे हात फिरवत म्हणाले, "अर्जाबरोबर पावडर फुकट काय हो?"

ते दिवस आठवले की आजही खांद्याला फळीचे वजन जाणवते. दुखत नाही, बरे वाटते.

बारावीनंतर शिबिराचा फॉर्म आला. रकाना नववा : बर्फावरील सरावाचा अनुभव.

"शून्य लिहा, बाबा," कन्या म्हणाली. तिने खाली सही केली आणि ती सरावाला गेली.

आमच्या धंद्यात रकाना कोरा सोडत नाहीत. कोरा रकाना दिसला की कारकून अर्ज परत टाकतो. शून्य म्हणजे तरी कोराच की, असा मी विचार केला आणि माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिले : "तीन वर्षे, मिरकरवाडा येथे, नियमित." यात एकही शब्द खोटा नव्हता. लाद्या तिने तीन वर्षे वाहिल्याच होत्या.

उत्तर एका ओळीत आले. शिबिर बर्फावर कधीही न उतरलेल्यांसाठी होते. अर्जदार अनुभवी असल्याने अपात्र.

मी खुलासा पाठवला, सात स्मरणपत्रे पाठवली. सरांनीही लिहिले. पुढच्या वर्षी तिचे वय बसेना.

माझ्याकडची त्या फॉर्मची स्थळप्रत वाचून कन्या मोठ्याने बोलली नाही. "तुम्ही खोटं नाही लिहिलंत, बाबा. पण शून्य माझं होतं. ते तुम्हाला कमी वाटलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फळी तिने स्वतः खांद्यावर घेतली, कचेरीबाहेर नेली आणि खुंट्यांवर बसवली. त्यानंतर ती घरी आली नाही, म्हणजे फळी. कन्या सणावारी येते, माझ्या पाया पडते, प्रकृती विचारते. बर्फाविषयी माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

आता ती पुण्यात खेळाडूंकडून ताकदीचे व्यायाम करून घेते. गेल्या आठवड्यात तिच्या आईकडून कळले, की एका संघाबरोबर ती लडाखला जात आहे. मैदानाबाहेरची तयारी तिच्याकडे. पण तेथे गेल्यावर ती बर्फावर पाय ठेवणारच. प्रथमच.

सबब विनंती की, बर्फावर उतरल्यावर पहिली ढकल कशी गेली आणि फळीची काही आठवण झाली की कसे, हे अर्जदारास कळवावे. आठवण झाली नसल्यास तसेही कळवावे. अर्जदार कोणताही खुलासा करणार नाही. तीस वर्षांत प्रथमच एक रकाना कोरा ठेवून हा अर्ज रवाना करीत आहे. तो कन्येने स्वहस्ते भरावा.

बर्फावरील अनुभव :