तलमडुगु: कुंकवाखाली गेलेलं नाव

लोक सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातात, मी जुन्या पुस्तकांच्या मागे जाते. यवतमाळच्या एका वाचनालयात पंचवीस वर्षं काढल्यावर दुसरं काही सुचतच नाही. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. पण ते कुणीतरी शोधून, पानापानाचा फोटो काढून नेटवर ठेवायला हवं, नाहीतर ते वाळवीचं होतं. हाच ब्लॉग वाचून आदिलाबादच्या वसंतरावांचा फोन आला. "मॅडम, गावच्या घरी आमच्या मोठ्या आबांचं जवारीवरचं छापील पुस्तक हाये. एकच प्रत उरली." मी दुसऱ्या दिवशी निघाले.

पांढरकवड्याहून आदिलाबादला बस सहज मिळते. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, बसमधलं बोलणं मात्र आपलंच राहतं. स्टँडसमोर इडली खाऊन घ्या, पुढे काही मिळेल याची खात्री नाही. वसंतरावांच्या गावाकडे, तलमडुगूला, ऑटो जातात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत. मला वसंतरावांनी स्कूटरवर नेलं. त्यांचं आदिलाबादजवळच्या मावला गावात किराणा दुकान आहे, वय त्रेसष्ट, आणि खड्डा चुकवायचा असतो हे त्यांना मान्य नाही. दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. ज्वारीचं वावर मला दोनच ठिकाणी दिसलं.

वसंतरावांच्या आई सावित्राबाई ओसरीत अंबाडी निवडत होत्या. "आंदी जेवा वो बाई, मंग पुस्तक," म्हणाल्या. भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. असं जेवण हॉटेलात शोधू नका.

मग त्यांनी देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. पानोपानी ज्वारीची कणसं, हातानं काढून शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, कोणतं कणीस कोणत्या मातीत येतं, कोणत्याला पाखरं शिवत नाहीत, कोणत्याचा कडबा गोड. वाणी आणि गणेरी या जाती मला ठाऊक होत्या. बाकीची नावं जन्मात ऐकली नव्हती, वसंतरावांनीही नाही.

पण पहिलं पान हळदकुंकवानं पुठ्ठ्यासारखं झालं होतं. दर दसऱ्याला त्यावर पूजा. एक अक्षर वाचता येईना, आणि शेवटची पानं वाळवीनं नेलेली.

"मोठ्या आबांचं नाव काय?" मी वसंतरावांना विचारलं.

"आमी आबाच म्हनो. माह्या आज्याचे मोठे भाऊ. त्याइले लेकरू नव्हतं, म्हनून कोनाच्या नावापुढं त्याइचं नाव लागलंच नाई. गावातले जुने लोकबी गेले."

नाव नाही, मृत्यूचं वर्ष नाही, तर पुस्तक नेटवर चढवता येत नाही. हा नियम मी कधी मोडलेला नाही. ती सगळी कणसं पुन्हा फडक्यात जाणार. मी चिडले, आणि माझी जीभ सुटली. "आजी, ज्या पानावर नाव असतं तेच तुम्ही कुंकवानं भरलंत!"

सावित्राबाई त्या पानावर वाकल्या. "नाव तिथंच होतं काय? मले वाचता येत नाई बाई. मोठी अक्षरं दिसली, वाटलं देवाचं असन."

मला फार लाज वाटली. जरा वेळानं मी हळूच विचारलं, तुम्हाला नाव ठाऊक आहे का?

"ठाव हाये. पन तोंडातून कसं काढू? ते मोठे सासरे, मामाजी म्हनो मी त्याइले. त्याइच्या पुढून कधी चप्पल घालून गेली नाई मी."

"माय, आता कोन आयकते?" वसंतराव म्हणाले.

"मले तं आयकू येते ना."

मी पुन्हा विचारलं नाही. त्या दुपारी आणि दुसऱ्या सकाळी ओसरीच्या उजेडात फोटो काढले. खाली काळं कापड, वर काच, बांधणीवर जोर द्यायचा नाही. वापरता येणार नाहीत असे फोटो कशाला काढते आहेस, असं मनात येत होतं, तरी काढत राहिले.

उरलेलं शेवटचं पान झालं तेव्हा सावित्राबाई आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. पुस्तक मांडीवर घेतलं. "आवाज धरते का तुमचा फोन? धरा." मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "उकंडराव." आणि थोड्या वेळानं, "वसंता रांगत होता तवा गेले."

म्हणजे साठ वर्षं होऊन गेली होती. मी त्यांच्या पाया पडले. वसंतराव उठून अंगणात गेले.

घरी येऊन आठवडा झाला. पुस्तक नेटवर आहे, लेखकाच्या रकान्यात उकंडरावांचं नाव आहे. कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, त्यातलं एखादं कणीस शोधून पेरावं. काल ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. शेवटी, मी पाया पडायला वाकले तेव्हा, मला तिथं ऐकू न आलेलं एक वाक्य आहे. अगदी हळू. ते त्यांना विचारूनच इथं लिहिते आहे.

"मामाजी, माफी द्या. तुमचं नाव पुसलं ते मीच."